बंदरे बुजतात कशी?

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. जिल्ह्यातल्या भोकरदनपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तर बंगालच्या उपसागरातले गोदावरीचे मुख आठशे किलोमीटरच्या आसपास. तरीही समुद्रातल्या गाळाचा इतिहास भोकरदनपासून सांगता येतो, कारण या गावाचे दोन्ही समुद्रांशी जुने नाते आहे.

पहिले नाते मालाचे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातल्या भरभराटीच्या नगराचे अवशेष मिळाले. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भागही मिळाला. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा दख्खनच्या आतल्या भागातील कारागिरी त्याआधीच समुद्रापार पोहोचत होती असे म्हणता येते. पैठणहून उत्तरेकडे आणि भडोचकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांच्या जाळ्यात भोकरदन होते असे पुरातत्त्वज्ञ मानतात.

दुसरे नाते मातीचे, आणि ते नेमके उलट दिशेचे आहे. भोकरदन केळणा नदीच्या काठी आहे. केळणा जाफराबादजवळ पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. जालना शहराची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला. म्हणजे येथला माल बैलगाड्यांतून पश्चिमेला गेला आणि येथली माती पाण्यातून पूर्वेला गेली.

इतिहास शिकवताना ‘पुढे हे बंदर गाळाने भरून गेले आणि त्याचे महत्त्व संपले’ असे वाक्य आपण सहज उच्चारतो. सोपारा, चौल, भडोच, सुरत या सर्वांबद्दल ते म्हटले जाते. पण गाळ बंदरात येतो कसा? ‘नदी आणते’ हे उत्तर अर्धेच आहे. नदी गाळ समुद्रापर्यंत आणते. तो पुन्हा खाडीत, धक्क्याशी, जहाजांच्या वाटेवर आणून टाकण्याचे काम बरेचदा समुद्रच करतो. हे समजायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.

भडोचचे वाटाडे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. लेखकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. पैठण हे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो सांगतो. या गावांतून मौल्यवान दगड आणि कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे.

या लेखकाने नर्मदेच्या मुखाचे केलेले वर्णन विज्ञानाच्या शिक्षकाने आवर्जून वाचावे असे आहे. येथली भरती-ओहोटी इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी मोठी असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास ती वाढते. ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडतो आणि भरतीला कोरडी जमीन समुद्र होते, असे तो लिहितो. भरतीचे पाणी नदीत घुसताना दुरून येणाऱ्या सैन्याच्या गलक्यासारखा आवाज होतो, नांगर टिकत नाहीत आणि जहाजे आडवी होऊन उथळ जागी रुततात. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन जहाजांना सामोरे जात. भरती लागली की ते जहाज ओढून वर नेत, ओहोटीत खोल पाण्याच्या ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबत आणि पुढच्या भरतीला पुन्हा निघत.

खंभातच्या आखातात आजही उधाणाच्या वेळी भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांहून अधिक असतो. मुंबईला तो चार-पाच मीटर असतो. नरसाळ्यासारख्या अरुंद होत जाणाऱ्या आणि उथळ आखातात शिरलेले पाणी उंच चढते. त्या कोळ्यांना कारण सांगता आले नसते, पण कोणता दांडा या महिन्यात कोठे सरकला आहे हे त्यांना ठाऊक होते. तळावरचा गाळ स्थिर नसतो, तो पाण्याबरोबर फिरतो, ही गाळाविषयीची पहिली महत्त्वाची जाणीव त्यांच्या कामात होती. मोजमाप मात्र फार पुढे आले.

कण खाली बसायला किती वेळ लागतो?

१८५१ साली जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने द्रवातून संथपणे पडणाऱ्या लहान गोलाचा वेग काढण्याचे सूत्र दिले. या सूत्रानुसार वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे कण दहा पटीने लहान झाला की त्याचा वेग शंभर पटीने कमी होतो.

थोडा हिशोब करू. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण एक मीटर खोली साधारण दोन मिनिटांत उतरतो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तेवढेच अंतर उतरायला जवळजवळ तीन दिवस घेतो. समुद्रात दर सव्वासहा तासांनी प्रवाहाची दिशा बदलते. तीन दिवस शांत पाणी खाडीत मिळणार कोठून? या हिशोबाने चिकणमाती खाडीत बसायलाच नको. पण खाड्यांत तर चिखलच चिखल असतो!

याचे उत्तर मिठात आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ठेवतात. समुद्राच्या पाण्यातल्या सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्या धनभारित आयनांमुळे हा दुरावा झाकला जातो. कण एकमेकांवर आपटून चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. पाण्यातल्या मिठाचे प्रमाण हजारात दोन-तीन भाग झाले तरी ही क्रिया सुरू होते. समुद्रात ते हजारात ३५ भाग असते. पुंजका सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने पडतो, म्हणजे एक मीटर खोली तो पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात उतरतो. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी काही वेळ थबकते. तेवढ्या अवधीत पुंजके तळाशी पोहोचू शकतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर पाणी निवळते, तेही बरेचसे याच तत्त्वाने.

हा प्रयोग वर्गात करता येतो, आणि जालना जिल्ह्यातली काळी माती त्यासाठी उत्तम आहे. या मातीत स्मेक्टाइट गटाची अतिसूक्ष्म चिकणमाती भरपूर असते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एक लिटरच्या दोन पारदर्शक बरण्या घ्या. दोन्हींत पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी भरा. एकीत सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. दोन्हींत एक-एक चमचा बारीक कुटून चाळलेली काळी माती टाकून जोराने ढवळा आणि ठेवून द्या. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षणे नोंदवा. मिठाच्या पाण्यात कापसासारखे पुंजके दिसतील आणि वरचे पाणी लवकर निवळेल. साध्या पाण्याची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असेल. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मात्र वापरू नका. ते बहुधा कठीण असते आणि त्यातल्या कॅल्शियममुळे साध्या बरणीतही पुंजके बनू लागतात. विद्यार्थ्यांना फरक कळल्यावर तिसरी बरणी बोअरच्या पाण्याची ठेवून ‘असे का झाले?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

तळाचा कण उठतो कसा?

बसलेला गाळ पुन्हा पाण्यात कधी जातो, हा पुढचा प्रश्न. १९३५ साली स्वीडनमधील उप्साला येथील फिलिप युलस्ट्रोम यांनी नदीच्या अभ्यासातून एक आलेख मांडला. कोणत्या आकाराचा कण हलवायला पाण्याचा किती वेग लागतो हे तो दाखवतो. १९३६ साली अल्बर्ट शील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांतून हाच प्रश्न तळावर पाण्याचा किती ताण पडतो या भाषेत सोडवला. पुढच्याच वर्षी हंटर राउझ यांनी वाहत्या पाण्यात गाळ तळापासून पृष्ठभागापर्यंत कसा वाटला जातो याचे गणित दिले. पडणारा कण आणि त्याला वर उचलणारे भोवरे यांच्या झटापटीचा तो ताळेबंद होता.

युलस्ट्रोम यांच्या आलेखात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सर्वांत सहज हलते ती बारीक वाळू. त्याहून मोठा खडा हलवायला अधिक वेग लागतो, हे ओघानेच आले. पण त्याहून बारीक चिकणमाती हलवायलाही अधिक वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणजे चिकणमाती एकदा उठली की हलक्या प्रवाहातही तरंगत राहते, पण एकदा बसून घट्ट झाली की सहजासहजी उठत नाही. उठण्यासाठी लागणारा वेग आणि बसण्यासाठीचा वेग वेगळे असतात. खाडीतल्या गाळाच्या कहाणीची ही किल्ली आहे.

उचलण्याच्या कामात प्रवाहाला मोठी मदत मिळते ती लाटांची. खोल समुद्रात लाट पुढे जाते तेव्हा पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरतात. ही हालचाल खाली जाताना मंदावते आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर नगण्य होते. दर पाच सेकंदांनी येणाऱ्या वाऱ्याच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी सुमारे ३९ मीटर असते, म्हणजे तिला वीस मीटरखालचा तळ ठाऊकच नसतो. पावसाळ्यात दुरून येणारी दहा सेकंदांची लाट १५६ मीटर लांब असते. तिचा हात ७५ मीटर खोलीपर्यंत पोहोचतो. उथळ पाण्यात ही वर्तुळे चपटी होतात आणि तळाशी पाणी नुसते पुढे-मागे घासत राहते. त्या घासण्याने गाळ सुटा होतो. लाट त्याला फार दूर नेत नाही. उचलण्याचे काम तिचे आणि वाहून नेण्याचे काम भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे. म्हणूनच कोकण किनाऱ्याजवळचे पाणी पावसाळ्यात इतके गढूळ असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की त्यातला पुष्कळसा गाळ आडोशाच्या जागा शोधून बसतो. आडोशाची जागा म्हणजे खाडी, आणि माणसाने बांधलेले बंदरही!

भरती जास्त आणते, ओहोटी कमी नेते

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. भरतीला जेवढे पाणी आत येते, जवळजवळ तेवढेच ओहोटीला बाहेर जाते. मग गाळही जसा आला तसा परत का जात नाही?

पहिले कारण भरतीच्या आकारात आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. पाणी खोल तेवढा वेग जास्त. भरती ही सुद्धा एक प्रचंड लांब लाटच आहे. खाडीत शिरताना तिचा माथा खोल पाण्यावरून जातो, म्हणून तो वेगाने पुढे सरकतो. पायथा उथळ पाण्यात मागे रेंगाळतो. परिणामी अनेक खाड्यांत आतल्या बाजूला भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी सावकाश उतरते. समजा भरती पाच तास आणि ओहोटी साडेसात तास चालते. पाणी तेवढेच असल्याने भरतीचा सरासरी वेग ओहोटीच्या दीडपट होईल. गाळ वाहण्याची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरली, तर दर तासाला भरती ओहोटीच्या ३.३७५ पट गाळ वाहील. भरतीचा वेळ दोन-तृतीयांश आहे, म्हणून गुणाकार करून भरती एकूण सव्वादोन पट गाळ आत आणील. नववीच्या विद्यार्थ्याला झेपेल असे हे गणित आहे. प्रत्यक्षात आकडे खाडीगणिक बदलतात. जेथे रुंद खाजणे आणि तिवरांची वने भरतीचे पाणी अडवून मग एकदम सोडतात, तेथे ओहोटीच जोरदार असू शकते आणि ती गाळ बाहेर नेते.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. ते हॉलंडमध्ये सापडले. तेथल्या वाडन समुद्रात मोठी नदी नाही, तरी किनाऱ्याकडे जावे तसा पाण्यातला गाळ वाढत जातो. विरघळलेला पदार्थ असता तर तो उलट पसरून विरळ झाला असता. हेंड्रिक पोस्टमा यांनी १९५४ आणि १९६१ साली, तसेच फान स्ट्राटेन आणि फिलिप कुएनेन यांनी १९५७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून याचा उलगडा झाला.

भरतीचे पाणी म्हणजे किनाऱ्याकडे निघालेल्या एस.टी. गाड्यांची रांग आहे असे समजा. गाड्या किनाऱ्याकडे जाताना हळू होत जातात. गाळाचा कण म्हणजे एक पेंगुळलेला प्रवासी. गाडी पुरेशी मंदावली की त्याने उतरायचे आहे. पण खाली बसायला वेळ लागतो, म्हणून तो ठरलेल्या जागेच्या पुढे, किनाऱ्याच्या अधिक जवळ उतरतो. ओहोटीला गाड्या परत फिरतात. ज्या गाडीने तो आला ती त्याच्यापासून निघते तेव्हा तिचा वेग त्याला उचलण्याइतका नसतो. ती निघून जाते. पुरेसा वेग आलेली जी गाडी त्याला मिळते ती किनाऱ्याच्या आणखी आतून निघालेली असते, आणि ओहोटी संपताना ती पहिल्या गाडीइतकी बाहेर पोहोचत नाही. प्रवासी मूळ ठिकाणाच्या अलीकडेच उतरतो. दर भरतीला तो असा थोडा थोडा आत सरकतो. दिवसातून दोन भरत्या, वर्षाला सातशेहून अधिक! त्यातच उधाणाच्या दिवसांत उठलेला गाळ भांगाच्या भरतीच्या मंद दिवसांत बसून थोडा घट्ट होतो आणि पुढच्या उधाणाला पूर्ण उठत नाही.

मुंबई आणि खडकवासला

या ज्ञानाची गरज महाराष्ट्राला प्रकर्षाने भासली ती मुंबईत. ससून गोदी १८७५ साली, प्रिन्सेस गोदी १८८० साली आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली सुरू झाली. १८७८ पासून मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची यंत्राने नोंद होऊ लागली. जगातल्या दीर्घकालीन नोंदींत तिची गणना होते. भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करण्यासाठी १८७९ साली लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार एक यंत्र तयार झाले. चंद्र-सूर्यामुळे निर्माण होणाऱ्या अनेक लयी कप्प्या आणि दोरी यांच्या साहाय्याने ते एकत्र जोडत असे. पाणी केव्हा किती चढेल हे अशा रीतीने आधी कळू लागले. गाळ किती येईल हे सांगणे मात्र कठीणच राहिले.

मुंबई इलाख्याने १९१६ साली सुरू केलेल्या पाटबंधारे संशोधनातून पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत भरती-ओहोटी आणि लाटा निर्माण केल्या जातात. या पद्धतीची एक अंगभूत अडचण आहे. बंदराची लांबी चारशे पटींनी लहान करता येते, पण चिकणमातीचा कण चारशे पटींनी लहान करता येत नाही. म्हणून अशा प्रतिकृतींत हलक्या पदार्थांचे कण वापरतात, किंवा प्रवाह प्रतिकृतीत मोजून गाळाचा हिशोब गणिताने करतात. आता संगणकावरची प्रारूपे आहेत. १९९९ साली सोडलेल्या ओशनसॅट उपग्रहामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्याचा रंग आकाशातून पाहून तरंगत्या गाळाचे नकाशे काढता येऊ लागले. एवढे होऊनही १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराची वाट खोल ठेवण्यासाठी गाळ उपसावाच लागतो. कारण उपसून खोल केलेली वाट म्हणजे मंद पाण्याचा खड्डा, आणि आपले पेंगुळलेले प्रवासी तेथेच उतरतात.

यातून एक व्यवहारी धडा निघतो. खाडीचे मुख खुले ठेवते ते दर ओहोटीला बाहेर पडणारे पाणी. अमेरिकेतील मॉरो ओब्रायन यांनी १९३१ साली दाखवले की मुखाचा आकार हा आत-बाहेर करणाऱ्या पाण्याच्या घनफळाशी बांधलेला असतो. काठची खाजणे भराव घालून बुजवली की आत येणारे पाणी घटते, ओहोटी दुबळी होते आणि वाट आपोआप उथळ होत जाते. म्हणजे गाळ समुद्र आणतो, पण त्याला बसायची सोय आपणही करून देतो.

इतिहासाचे वाक्य तपासून पाहू

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत जाऊ. ‘बंदर गाळाने बुजले’ हे नेहमी खरे असते का?

कल्याणचे उदाहरण घ्या. पेरिप्लसच्या काळी तेथे परदेशी जहाजे फारशी जाऊ शकत नव्हती. पण लेखक कारण देतो ते राजकीय आहे. कल्याण दुसऱ्या सत्तेच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराला अडथळा झाला आणि चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. येथे बंदर बंद केले ते माणसांनी. गाळाचा संबंध नाही.

सोपाऱ्याची गोष्ट वेगळी. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथल्या स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. एवढे मोठे बंदर असलेली ही जागा आज खुल्या समुद्रापासून आत, खाजणे आणि भरावाच्या जमिनीत आहे. येथे गाळाचे काम उघड दिसते. सुरतेच्या बाबतीत तापीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यांमुळे सतराव्या शतकात मोठी जहाजे सुवाळीला नांगर टाकीत. तरीही सुरत त्याच काळात भरभराटीला होती. इंग्रजांनी १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले त्यामागे युद्धे, सत्ता आणि खोल सुरक्षित बंदर अशी अनेक कारणे होती. चौलला पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधायला घेतला आणि १७४० साली ते मराठ्यांकडे आले. खाडीच्या गाळाबरोबर या उलथापालथी आणि मुंबईचा उदयही तेथे विचारात घ्यावा लागतो. चौलची खाडी ज्या नदीची, तिचेही नाव कुंडलिकाच! जालन्याची कुंडलिका पूर्वेच्या समुद्राची वाटकरी आणि रोह्याची कुंडलिका पश्चिमेच्या. नकाशावर दोन्ही शोधायला लावणे हा भूगोलाचा चांगला तास होईल.

गाळाने बंदर बुजते तेव्हा ते सावकाश बुजते, आणि जहाजे मोठी होत जातात तेव्हा लवकर बुजल्यासारखे वाटते. लहान तारवाला जी खाडी पुरे होती, ती मोठ्या जहाजाला पुरत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. गाळ कोठून आला? त्याला आत कोणी आणले, नदीने, भरतीने की लाटांनी? आणि त्याच काळात जहाजे, मार्ग आणि राज्ये बदलली होती का?

जालन्याची माती

शेवटी आपल्या मातीचे काय झाले ते पाहू. २००६ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर बंगालच्या उपसागराचा तळ खोदून गाळाचे लांब स्तंभ काढले गेले. त्यांपैकी एकाच्या अभ्यासावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की गेल्या काही हजार वर्षांत पाऊसमान घटत गेले तशी जमिनीची धूप वाढली आणि पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरल्यावर ती आणखी वाढली. भोगवर्धनच्या शेतकऱ्यांचा नांगरही त्यात आला. गोदावरीच्या मुखाशी पोहोचलेल्या या गाळातली बारीक माती दूरवर पसरली, तर वाळू लाटांच्या हाती लागली. किनाऱ्याला तिरप्या येणाऱ्या लाटांनी तिला उत्तरेकडे सरकवत काकीनाड्यासमोर पंधरा किलोमीटरहून लांब वाळूचा दांडा घडवला. तो गेल्या सुमारे दोनशे वर्षांतला मानतात.

आता चित्र पालटले आहे. केळणेतून निघालेला मातीचा कण खडकपूर्णा, येलदरी, श्रीरामसागर अशा एकामागून एक भिंतींशी थबकतो. आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पूर्ण केलेल्या दौलेश्वरम बंधाऱ्याजवळच्या मोजणीनुसार १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे. १९९० च्या दशकात हा आकडा सहा कोटी टनांच्या खाली आला. लाटा मात्र पूर्वीइतकाच गाळ हलवतात. नवी भर पडेनाशी झाल्याने त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही भागांत खचू लागला आहे. कोकणातल्या बंदराला जो गाळ नको आहे, तोच पूर्वेच्या किनाऱ्याला हवा आहे आणि मिळत नाही.

जो कण समुद्राला मिळत नाही तो आपल्या तलावांत आहे. जालन्याला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावातला गाळ २०१० नंतरच्या वर्षांत नागरिकांनी पुढाकार घेऊन उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तीही याच विचाराची. तलावातला असा गाळ मूठभर वर्गात आणावा आणि वर सांगितलेल्या बरण्यांत टाकून पाहावा. साध्या पाण्याच्या बरणीत तो दुसऱ्या दिवशीही तरंगताना दिसेल, मिठाच्या बरणीत तासाभरात पुंजके होऊन बसू लागेल. समुद्र न पाहिलेल्या मुलांनाही यावरून खाडीच्या मुखाशी काय घडते ते कळेल.